सोसायटीचं जीमेल तिघं वापरतात, टू-स्टेप व्हेरिफिकेशन कसं लावायचं?

विंग_बी:

नमस्कार. आमच्या सहकारी गृहनिर्माण सोसायटीचं एकच जीमेल खातं आहे. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार तिघंही ते वापरतात, पासवर्ड तिघांकडे. मेंटेनन्सची बिलं, सभेच्या नोटिसा, ऑडिटर आणि बँकेशी पत्रव्यवहार सगळा तिथूनच. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून बिलंही याच खात्यावरून आपोआप जातात. आता टू-स्टेप चालू करायचं ठरतंय. शंका अशा:

१. ओटीपी एकाच नंबरवर येणार. तो माणूस गावी गेला, फोन लागत नसला तर बाकीच्या दोघांनी काय करायचं?
२. ऑथेंटिकेटर ॲप तीन फोनवर एकदम चालतं का?
३. कमिटी बदलली की जुन्या पदाधिकाऱ्याचा प्रवेश खरोखर बंद झाला, हे कसं तपासायचं?
४. एका सदस्याचं म्हणणं, पासवर्ड अवघड ठेवा, बाकी सगळी कटकट आहे. यात तथ्य आहे का?

---

किल्लीवाला:

चौथ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचं उत्तर पटलं नाही तर बाकीचं कोणी करणारच नाही.

पासवर्ड ओळखून काढला जातो असं सहसा होत नाही, तो चोरला जातो. खोट्या लॉगिन पानावर कोणीतरी तो स्वतःच टाइप करतं, किंवा तोच पासवर्ड दुसऱ्या एखाद्या वेबसाइटवर वापरलेला असतो आणि तिथून फुटतो. चोवीस अक्षरी पासवर्डही या दोन्ही वाटांनी चार अक्षरी पासवर्डाइतकाच सहज जातो. शिवाय तिघांकडे असलेला पासवर्ड कुठल्या तरी व्हॉट्सॲप चॅटमध्ये लिहिलेला असतोच. दुसरा टप्पा असला की नुसता पासवर्ड हाती लागून भागत नाही.

सोसायटीच्या मेलमध्ये चोरण्यासारखं काय आहे, असं कोणी विचारेल. आत शिरलेला माणूस दंगा करत नाही. तो एक फिल्टर लावतो, दोन बिलं वाचतो आणि पुढच्या तिमाहीला तसंच बिल, त्याच पत्त्यावरून, फक्त बँक खात्याचा क्रमांक बदलून सगळ्या फ्लॅटधारकांना पाठवतो. पत्ता खरा असल्यामुळे कोणालाच संशय येत नाही.

आता एसएमएस की ॲप. एसएमएसचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरा, पण तो सिमकार्डावर अवलंबून असतो आणि तुमच्या नंबरचं सिम दुसरंच कोणी काढून घेऊ शकतं. आपल्याकडे त्याहून जास्त चालणारा प्रकार म्हणजे व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल, कधी आरटीओ चलन म्हणून, कधी लग्नपत्रिका म्हणून. ती इन्स्टॉल करून एसएमएस वाचायची परवानगी दिली की सगळे ओटीपी परस्पर पुढे जातात. आणखी एक अडचण, जी चोराशिवायही येते: हरवलेलं सिम बदलून घेतलं तर नवीन सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात. ही सिम स्वॅप रोखण्यासाठीची तरतूद आहे आणि योग्यच आहे, पण त्या दिवशी तुम्हाला मेल उघडायचा असेल तर बसा.

ऑथेंटिकेटर ॲप नेटवर्कवर अवलंबून नसतं. क्यूआर स्कॅन करता तेव्हा एक गुप्त किल्ली फोनमध्ये उतरते आणि तीच गूगलच्या सर्व्हरवर असते. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून त्यांना ३० ने भागायचं, जो पूर्णांक येईल तो आणि गुप्त किल्ली मिळून गणित करायचं, त्यातून सहा आकडे काढायचे. दोन्हीकडे किल्ली तीच आणि वेळ तीच, म्हणून आकडेही तेच. हे मानक २०११ पासून आरएफसी ६२३८ या नावाने प्रसिद्ध आहे, त्यामुळे ॲप गूगलचंच हवं असंही नाही. विमानात, तळघरात, सिम नसलेल्या फोनवरही कोड मिळतो.

यातच दुसऱ्या शंकेचं उत्तर आहे. किल्ली तीन फोनमध्ये गेली तर तिन्ही फोन एकच कोड दाखवतील. सेटिंग करताना तिघांनी एकत्र बसा. संगणकावर जीमेलच्या खात्यात सिक्युरिटी, मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन, मग ऑथेंटिकेटर. क्यूआर दिसला की एकाने स्कॅन करून लगेच पुढे जाऊ नका. तिन्ही फोनवर स्कॅन करा, तिन्हींवर तेच सहा आकडे येतात का पाहा, मगच कोड टाकून पक्कं करा. पूर्वी आधी मोबाइल नंबर द्यावा लागायचा, मे २०२४ पासून गूगलने ती अट काढली आहे. थेट ऑथेंटिकेटरपासून सुरुवात करता येते.

त्या क्यूआरचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. तो फोटो म्हणजेच किल्ली. ज्याच्याकडे फोटो, त्याला कायम कोड मिळत राहतील.

---

सर्व्हररूम:

वरचं तांत्रिकदृष्ट्या सगळं बरोबर आहे, पण मुळात तिघांनी एकच लॉगिन वापरणं हाच गोंधळ आहे. तीन फोनवर एक किल्ली ठेवली तर तिघांपैकी नेमकं कोण आत आलं होतं हे कधीच कळणार नाही, आणि एक जण गेला की तिघांना सगळं नव्याने करावं लागेल.

जीमेलमध्ये डेलिगेशनची सोय आहे. साध्या, फुकट खात्यालाही दहा जणांपर्यंत डेलिगेट नेमता येतात. संगणकावर ब्राउझरमध्ये जीमेल उघडा, सेटिंग्ज, सी ऑल सेटिंग्ज, मग अकाउंट्स अँड इम्पोर्ट. तिथे ग्रँट ॲक्सेस टू युअर अकाउंट असा भाग आहे, त्यात सचिवांचा स्वतःचा जीमेल पत्ता घाला. त्यांना मेल जाईल, त्यातल्या दुव्यावर जाऊन त्यांनी मान्यता द्यायची. आठवडाभरात दिली नाही तर निमंत्रण बाद होतं आणि पुन्हा पाठवावं लागतं. मान्यता दिल्यावरही लगेच दिसलं नाही तर घाबरू नका, एखादा दिवस लागतो.

यानंतर सचिव स्वतःच्या खात्याने, स्वतःच्या टू-स्टेपने लॉगिन होतात आणि वर उजवीकडे फोटोवर टिचकी मारून सोसायटीचा इनबॉक्स उघडतात. मेल वाचणं, पाठवणं, पुसणं सगळं जमतं. पासवर्ड बदलणं जमत नाही, आणि तेच आपल्याला हवंय. पाठवलेल्या मेलमध्ये कोणी पाठवला तेही दिसतं. पदाधिकारी बदलला की त्या यादीतून त्याचं नाव काढा. बाकीच्यांना काहीही करावं लागत नाही.

मर्यादा दोन. हे फक्त मेलपुरतं आहे, ड्राइव्हमधल्या फाइली वेगळ्या शेअर कराव्या लागतील. आणि रोजचं काम ब्राउझरमधून होणार असंच धरून चला.

मूळ खात्याचा पासवर्ड, ऑथेंटिकेटर आणि बॅकअप कोड मग कोणा एकाकडे, फार तर दोघांकडे राहतात, आणि त्यांची गरज महिनोन्‌महिने पडत नाही.

---

लेखापाल_काका:

डेलिगेशन उत्तम, पण हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं कोणीच बोललं नाही. ते डेलिगेट म्हणून येऊ शकत नाही आणि सहा आकडी कोडही टाकू शकत नाही.

त्यासाठी ॲप पासवर्ड लागतो. सोळा अक्षरांचा, गूगलनेच तयार करून दिलेला, आणि टू-स्टेप चालू असेल तरच मिळतो. सॉफ्टवेअरच्या ईमेल सेटिंगमध्ये नेहमीच्या पासवर्डऐवजी तो टाकायचा. सॉफ्टवेअरमध्ये गूगलने साइन इन करा असं बटण असेल तर ते वापरा, मग ॲप पासवर्डची गरजच नाही. सीसीटीव्हीचा डीव्हीआर किंवा ऑफिसमधला स्कॅनर मेल पाठवत असेल तर त्यालाही हेच लागू.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. ॲप पासवर्ड दुसऱ्या टप्प्याला वळसा घालून आत जातो, त्यामुळे एका कामासाठी एकच काढा, त्याला ओळखू येईल असं नाव द्या आणि तो कुठेही लिहून ठेवू नका. हरवला तर जुना रद्द करून नवा काढायला एक मिनिट लागतं. दुसरं म्हणजे मूळ खात्याचा पासवर्ड बदलला की सगळे ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतात. कमिटी बदलल्यावर नवे सचिव मोठ्या उत्साहाने पासवर्ड बदलतात आणि पुढच्या तिमाहीला बिलंच जात नाहीत, त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं. सॉफ्टवेअरवाल्याला फोन करण्याआधी इथे पाहा.

बँकेबद्दल: सोसायटीच्या नेट बँकिंगचा ओटीपी बँकेत नोंदवलेल्या नंबरवरच जातो, तो या ऑथेंटिकेटरमध्ये आणता येत नाही. तिथे मेकर-चेकर पद्धत मागून घ्या, म्हणजे एकाने पेमेंट भरायचं आणि दुसऱ्याने स्वतःच्या लॉगिनने मंजूर करायचं. तोही दुसरा टप्पाच झाला, फक्त यंत्राऐवजी माणसाचा.

---

विंग_बी:

सगळ्यांचे आभार. डेलिगेशन माहीतच नव्हतं. दोन गोष्टी अजून विचारतो. सोसायटीचं खातं सध्या तिघांच्याही फोनमध्ये लॉगिन आहे, ते तसंच ठेवलं तर चालेल का? आणि ऑथेंटिकेटर एका जुन्या फोनवर करून पाहिलं तर कोड चुकीचा आहे असं येतंय. त्याच वेळी दुसऱ्या फोनवरचा कोड चालतो.

---

किल्लीवाला:

जुन्या फोनचं घड्याळ चुकलंय. सेटिंग्जमध्ये तारीख आणि वेळ आपोआप घ्या हा पर्याय चालू करा. सर्व्हर साधारणपणे एखादा टप्पा, म्हणजे ३० सेकंद, मागेपुढे चालवून घेतो. फोन दोन-तीन मिनिटं पुढे-मागे असेल तर कोड नाकारला जाणारच. जुन्या फोनची बॅटरी पूर्ण उतरली आणि सिम नसेल तर असं हमखास होतं. टाइमझोनचा मात्र यात संबंध नाही, मोजणी जागतिक वेळेने होते. दुबईला गेलेल्या खजिनदाराचा फोन तिथली वेळ दाखवत असला तरी कोड बरोबरच येईल. घड्याळ हाताने दीड तास मागे केलं तर मात्र नाही.

फोन बरोबर असूनही कोड नाकारला गेला तर आणखी एक कारण पाहा. एक कोड एकदाच चालावा असं मानकच सांगतं. दोघांनी एकाच अर्ध्या मिनिटात तोच कोड टाकला तर दुसरा अडू शकतो. पुढचा कोड येईपर्यंत थांबायचं.

आता तिघांच्या फोनवरचं लॉगिन. ते काढा, आणि ही गोष्ट बाकी सगळ्याच्या आधी करा. खातं ज्या फोनमध्ये लॉगिन असतं त्यावर गूगल आपणहून विचारणा पाठवतं: तुम्हीच साइन इन करताय का, हो की नाही. खातं एकाचं असेल तर ही पद्धत चांगली आहे. तिघांचं असेल तर काय होतं पाहा. रात्री साडेदहाला फोनवर विचारणा येते. अध्यक्षांना वाटतं सचिव काहीतरी करत असतील, आणि ते हो दाबतात. पलीकडे पासवर्ड चोरलेला माणूस असतो. त्याला कोड फोडावा लागला नाही, एसएमएस चोरावा लागला नाही, तिघांतल्या एकाने गैरसमजातून दार उघडलं. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरमध्ये शिरलेल्याने असाच विचारणांचा मारा एका कंत्राटी कर्मचाऱ्यावर केला होता, शेवटी त्याने मान्यता दिली. डेलिगेशन असेल तर विचारणा फक्त मूळ खातं सांभाळणाऱ्याच्या फोनवर जाईल, आणि आपण स्वतः लॉगिन करत नसताना आलेली प्रत्येक विचारणा त्याला नाकारता येईल.

---

कोकणकडा:

ऑथेंटिकेटर लावलं की फिशिंगची, म्हणजे खोट्या पानावर फसवून लॉगिन चोरण्याची, चिंता मिटली असा समज या धाग्यावरून होऊ नये, म्हणून लिहितो.

आजकालची खोटी पानं पासवर्ड साठवून ठेवत बसत नाहीत. तुम्ही पासवर्ड टाकता, ते पान तो त्याच क्षणी खऱ्या गूगलला देतं. गूगल कोड मागतं, खोटं पान तुमच्याकडे कोड मागतं, तुम्ही टाकता, तो लगेच पुढे जातो. ३० सेकंद पुरेसे असतात. बदल्यात गूगलने दिलेली लॉगिनची कुकी (लॉगिन झाल्याची ब्राउझरमधली खूण) चोराच्या हाती पडते आणि मग त्याला कोडची गरजच उरत नाही. एसएमएस, ऑथेंटिकेटर, दोन्ही या बाबतीत सारखेच दुबळे.

यावर उपाय पासकी (फोनमध्ये राहणारी, स्क्रीन लॉकने उघडणारी लॉगिनची किल्ली) किंवा यूएसबीची सिक्युरिटी की. फरक असा की पासकीमध्ये माणसाने टाइप करण्यासारखं काही नसतंच. पासकी ज्या डोमेनसाठी, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यासाठी, बनवली तिथेच सही करते, आणि डोमेन कोणतं हे ब्राउझर सांगतो, डोळे नाहीत. एका अक्षराचा फरक असलेल्या पत्त्यावर ती पुढेच येणार नाही. गूगलने आपल्या ८५,००० हून अधिक कर्मचाऱ्यांना सिक्युरिटी की सक्तीची केल्यावर २०१७ च्या सुरुवातीपासून एकाचंही कामाचं खातं फिशिंगने गेलं नाही, असं २०१८ मध्ये जाहीर केलं होतं.

सोसायटीच्या दृष्टीने पासकीचा दुसरा फायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एका खात्याला कितीतरी पासकी जोडता येतात आणि त्या वेगवेगळ्या असतात. मूळ खातं दोघांकडे ठेवणार असाल तर दोघांनी आपापल्या फोनवर पासकी बनवायची, यादीत प्रत्येकीला पदाचं नाव द्यायचं. एक जण गेला की त्याची पासकी पुसायची, दुसऱ्याची तशीच राहते. ऑथेंटिकेटरमध्ये हे जमत नाही, किल्ली एकच असते. अँड्रॉइड ९ किंवा आयओएस १६ च्या पुढचा फोन लागेल आणि फोनला स्क्रीन लॉक हवाच. ऑफिसच्या संगणकावर लॉगिन करताना क्यूआर येईल, तो फोनने स्कॅन करायचा. त्या वेळी दोन्हीकडे ब्लूटूथ चालू पाहिजे, नाहीतर नुसतं गोल फिरत राहतं.

अवांतर: ऑफिसच्या संगणकावर पासकी बनवू नका. तो संगणक वॉचमनपासून इलेक्ट्रिशियनपर्यंत सगळे वापरतात.

---

सर्व्हररूम:

कोकणकड्याशी सहमत. तिसऱ्या शंकेचं सविस्तर उत्तर राहिलंय, ते देतो.

हस्तांतराच्या दिवशी पासवर्ड बदलून भागत नाही. सर्वांत आधी रिकव्हरीचा फोन आणि रिकव्हरी ईमेल पाहा. पासवर्ड विसरलो म्हटल्यावर गूगल तिथेच जातं, आणि बहुतेक सोसायट्यांत तो नंबर पाच-सात वर्षांपूर्वी ज्यांनी खातं उघडलं त्यांचाच असतो. दार कितीही मजबूत करा, ही खिडकी उघडीच. त्यातही ग्यानबाची मेख अशी की रिकव्हरी नंबर बदलला तरी पुढचे सात दिवस गूगल जुन्या नंबरवर कोड पाठवायचा पर्याय देऊ शकतं. चोराने नंबर बदलला तर खऱ्या मालकाला संधी मिळावी म्हणून ही सोय आहे. म्हणून रिकव्हरीची माहिती निवडणुकीचा निकाल लागताच बदला आणि आठवड्याने बाकीचं हस्तांतर करा. टू-स्टेपच्या पानावरचे फोन नंबर वेगळे असतात, तेही तपासा. ऑथेंटिकेटर लावूनही तिथे जुना नंबर राहिला, तर लॉगिन करताना दुसरी पद्धत वापरा असं म्हणून एसएमएस मागवता येतो.

मग पासवर्ड. तो बदलल्यावर बहुतेक ठिकाणचं लॉगिन जातं, पण सगळीकडचं नाही. ज्या उपकरणांवरून ओळख पटवली जाते ती तशीच राहू शकतात. त्यामुळे युअर डिव्हाइसेसच्या यादीत जाऊन अनोळखी आणि जुन्या सदस्यांचे फोन एकेक करून साइन आउट करा. टू-स्टेपच्या पानावर विश्वासातली उपकरणं रद्द करायचा पर्याय आहे, तोही दाबा, नाहीतर पुन्हा विचारू नका अशी खूण केलेला संगणक कोड न विचारता आत घेईल.

ऑथेंटिकेटर बदला म्हटलं की नवा क्यूआर येतो आणि जुनी किल्ली बाद होते. जुन्या सदस्याने ॲप काढून टाकलं म्हणून हे टाळू नका. एप्रिल २०२३ पासून गूगल ऑथेंटिकेटर किल्ल्या त्या माणसाच्या स्वतःच्या गूगल खात्यात जपून ठेवू शकतं, नवीन फोनवर त्या परत येतात.

बॅकअप कोड नव्याने काढा. दहा असतात, प्रत्येकी आठ आकडे, एक कोड एकदाच चालतो, नवा संच काढला की जुना संपूर्ण बाद. तुमच्या पहिल्या शंकेचं खरं उत्तरही हेच कोड आहेत. कागदावर छापून बंद पाकिटात घाला, पाकिटावर दोघांच्या सह्या आणि तारीख, आणि सोसायटीच्या कपाटात कागदपत्रांच्या फाइलीत ठेवा. वापरलेला कोड खोडायचा. हे कोड त्याच जीमेलमध्ये ड्राफ्ट म्हणून ठेवलेले असतील तर दाराबाहेर अडकल्यावर त्यांचा उपयोग शून्य.

शेवटी जीमेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग, फिल्टर आणि डेलिगेट हे तीन भाग उघडून पाहा. कोणी आधीच मेल दुसऱ्या पत्त्यावर फॉरवर्ड करून ठेवला असेल तर टू-स्टेप लावल्याने तो थांबत नाही. मग ॲप पासवर्ड नव्याने काढून सॉफ्टवेअरमध्ये टाका आणि एक बिल स्वतःच्या पत्त्यावर पाठवून बघा.

---

विंग_बी:

रिकव्हरीचा नंबर आत्ता पाहिला, तो माजी सचिवांचाच आहे. तो बदलतोय. त्याऐवजी सोसायटीच्या नावावर एक वेगळं सिम घेतलं तर?

---

लेखापाल_काका:

घ्या, पण ते ड्रॉवरमध्ये टाकून विसरू नका. नंबर ९० दिवस वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते, आणि बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. मग तुमचे रिकव्हरी कोड त्याच्याकडे. रिचार्जची तारीख मेंटेनन्सच्या बिलाच्या तारखेला जोडा, आणि दर महिन्याला त्यावरून एखादा फोन लावा.